डावा पाईप: बॅन्शीच्या एक्झॉस्ट गळतीचं एक प्रकरण

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी सकाळी भाच्यानं आपली बॅन्शी, म्हणजे यामाहाची वाळूत पळवायची चारचाकी, ट्रेलरवरून माझ्या गॅरेजसमोर उतरवली. अमेरिकेत ॲरिझोनातल्या फीनिक्सजवळ चँडलरला आमचं घर. इथला उन्हाळा सरला की वाळूतल्या गाड्यांचा हंगाम सुरू होतो आणि नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला तो ऐन भरात असतो. त्या आठवड्यात कॅलिफोर्नियातल्या इम्पीरियल सँड ड्यून्सवर, ज्याला सगळे ग्लॅमिस म्हणतात, वाळूत गाव वसल्यासारखी गर्दी होते. भाच्याला तिथं मित्रांच्या गाड्यांबरोबर वाळूवरच्या ३०० फुटांच्या सरळ शर्यती पळवायच्या होत्या. पाच आठवडे हातात होते.

"मामा, हिच्यात जीवच राहिला नाही," तो म्हणाला. "आणि डावीकडून काळं गळतंय."

डावीकडून काळं गळतंय, एवढ्यावरून मी मनात निदान करून टाकलं आणि तिथंच चुकलो. दोन आठवडे आम्ही एकच दुरुस्ती पुन्हापुन्हा करत होतो. ही हकिकत सविस्तर लिहितोय, कारण दोन-स्ट्रोकच्या एक्झॉस्ट गळतीत बहुतेक जण याच ठिकाणी अडकतात: गळती जिथं दिसते तिथंच ती झाली असं धरून चालतात आणि सांधा बुजवायच्या सिलिकॉनची ट्यूब उघडतात.

आधी गाडीची ओळख. यामाहा बॅन्शी, म्हणजे वायएफझेड ३५०, अमेरिकेत १९८७ पासून २००६ पर्यंत विकली गेली. ही २००४ ची, भाच्यानं जुनी घेतलेली. चार चाकं, शेजारीशेजारी दोन सिलिंडर, पाण्यानं थंड होणारं ३४७ सीसीचं दोन-स्ट्रोक इंजिन, सहा गिअर. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ६४ मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ५४. ही मापं महाराष्ट्रातल्या जुन्या मिस्त्रींना तोंडपाठ असतील, कारण राजदूत ३५० चीही हीच मापं. एस्कॉर्ट्सनं १९८३ पासून फरीदाबादला बनवलेली ती राजदूत म्हणजे यामाहाची आरडी ३५०. राजदूतचं इंजिन हवेनं थंड होणारं. पुढे यामाहानं याच घराण्यात पाण्यानं थंड होणारी इंजिनं आणली आणि त्यातूनच बॅन्शीचं इंजिन आलं. कोल्हापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाला एक गॅरेज होतं. तिथं शाळा सुटल्यावर पाने पुसून द्यायला मी जायचो. राजदूतचा आवाज तिथं कानात बसला तो अजून गेलेला नाही. भाच्याच्या बॅन्शीचं हेड पहिल्यांदा उघडलं तेव्हा दोन पिस्टन पाहून मला त्या गॅरेजचा वास आला, खरंच आला.

कंपनीचे मूळ पाईप या गाडीवर नव्हते. आधीच्या मालकानं शर्यतीचे मोठे पाईप बसवलेले, फ्रेमच्या बाहेरून जाणारे. रचना साधी आहे. सिलिंडरच्या पुढच्या तोंडावर ॲल्युमिनियमचा फ्लँज (जोडणीचा चपटा तुकडा) दोन बोल्टांनी बसतो, मध्ये पॅकिंग. फ्लँजला पुढे नळीसारखं तोंड असतं, त्यावर खाचा आणि खाचांत दोन ओ-रिंगा, म्हणजे रबरी गोल कड्या. पाईप त्या तोंडावर सरकवायचा आणि स्प्रिंगांनी ओढून धरायचा. मध्यावर पाईपला एक पट्टी वेल्ड केलेली असते, ती रबरी बुशावरून फ्रेमला बोल्टानं लागते. मागे पाईपची बारीक शेपटी सायलेन्सरमध्ये जाते.

म्हणजे गळायला जागा चार: फ्लँज आणि सिलिंडर यांच्यामधलं पॅकिंग, ओ-रिंगांचा सांधा, पाईपचा पत्रा नाहीतर वेल्डिंग, आणि सायलेन्सरचा सांधा. शेवटची गळती फारशी नडत नाही. पहिल्या दोन इंजिनाच्या अगदी तोंडाशी आहेत आणि त्याच जिवावर येतात.

का, ते समजल्याशिवाय हे प्रकरण कळणार नाही. दोन-स्ट्रोकला एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह नसतो. पिस्टन खाली जाताना सिलिंडरच्या भिंतीतलं भोक, म्हणजे पोर्ट, उघडतं, वर येताना झाकलं जातं. ताजं मिश्रण आत आणणारी ट्रान्सफर पोर्टं आधी बंद होतात आणि एक्झॉस्ट त्यांच्यानंतर. त्या मधल्या क्षणी आत आलेलं मिश्रण सरळ बाहेर पळू शकतं. पाईपचं पोट फुगीर असतं ते यासाठी. रुंद होत जाणाऱ्या भागातून ओढीची लाट परत येते आणि जळका वायू बाहेर खेचते. पुढे अरुंद होत जाणाऱ्या भागावर आदळून दाबाची लाट परत येते आणि बाहेर सांडलेलं मिश्रण पोर्ट बंद होण्याच्या आत सिलिंडरात ढकलते. मिनिटाला ९००० फेऱ्या असताना एक फेरी होते साधारण ६.७ मिलिसेकंदांत, आणि पोर्ट उघडं राहतं जेमतेम साडेतीन मिलिसेकंद. तेवढ्यात लाटेनं जाऊन परत यायचं. हे गणित पूर्व जर्मनीतल्या एमझेड कारखान्यात वाल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात शर्यतीच्या गाड्यांवर पक्कं बसवलं. त्यांचा रायडर एर्न्स्ट डेगनर १९६१ साली स्वीडनमधल्या शर्यतीच्या वेळी पश्चिमेकडे निसटला, सुझुकीला मिळाला आणि १९६२ चं ५० सीसीचं विश्वविजेतेपद सुझुकीवर जिंकला. एका पाईपच्या आकाराची किंमत किती असू शकते, त्याचा यापेक्षा मोठा दाखला मला माहीत नाही.

आता त्याच पाईपला तोंडाशी फट आहे असं धरा. दाबाची लाट परत येते तेव्हा तिचा काही भाग फटीतून बाहेर जातो. ओढीची लाट असते तेव्हा त्याच फटीतून बाहेरची हवा आत येते आणि ती हवा पुढच्या लाटेबरोबर सिलिंडरात शिरू शकते. म्हणजे ताकद तर जातेच, वर त्या सिलिंडरातलं मिश्रण पातळ होऊन पिस्टन तापतो. चार-स्ट्रोक गाडीचा सायलेन्सर गळला तर आवाज वाढतो, पोराबाळांना मजा वाटते. दोन-स्ट्रोकच्या तोंडाशी गळलं तर इंजिनाची घडीच विस्कटते.

त्या शनिवारी मला दिसलं ते असं. डाव्या फ्लँजभोवती लाल सिलिकॉनचा जाड थर, आधीच्या मालकानं लावलेला, कडेनं सुटलेला. त्याखालून काळे तेलकट ओघळ सिलिंडरवरून खाली इंजिनापर्यंत. उजवी बाजू कोरडी. प्लग काढले: उजवा दुधाच्या चहाच्या रंगाचा, डावा पांढुरका, म्हणजे पेट्रोल कमी पडल्याची खूण. आणि भाच्यानं सांगितलं की डावा प्लग पांढरा दिसला म्हणून त्यानं डाव्या कार्ब्युरेटरला मोठा मेन जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं मोठ्या भोकाचं तोंड, घातलाय. उजवीकडे २८०, डावीकडे ३१०.

हे ऐकून मी थबकायला हवं होतं. एकसारखे सिलिंडर, एकसारखे पाईप, आणि जेटमध्ये एवढा फरक मागावा लागतो, म्हणजे कुठंतरी वेगळंच बिघडलंय. मी मात्र म्हणालो, "ओ-रिंगा गेल्यात. अर्ध्या दिवसाचं काम." जुनं सिलिकॉन खरवडलं, नवीन ओ-रिंगा घातल्या, नवीन पॅकिंग घातलं, बोल्ट आवळले, स्प्रिंगा लावल्या. अंगणात गाडी कोरडी. रविवारी त्यानं शहराबाहेरच्या मोकळ्या वाळूत चाळीस-एक मिनिटं चालवली. संध्याकाळी फोन आला: "मामा, परत गळतंय."

पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. या वेळी तांबड्या रंगाचं, जास्त उष्णता सोसणारं सिलिकॉन लावून चोवीस तास सुकू दिलं. दोन तास टिकलं. ओ-रिंगा काढून पाहिल्या तर एका बाजूला चपट्या झालेल्या, दुसऱ्या बाजूला नव्यासारख्या गोल. ती एक रिंग मी हातात बराच वेळ धरून बसलो होतो. उष्णतेनं गेली असती तर सगळीकडून कडक झाली असती, तडकली असती. ही एकाच बाजूनं चिरडली गेली होती. पाईप तिच्यावर वाकडा दाबून बसला होता.

खरं तर ओ-रिंग तिथं टिकते हेच नवल आहे. व्हिटॉन या रबराची रिंग साधारण २०० अंश सेल्सिअसपर्यंत सोसते, आणि त्या नळीतून जाणारा वायू असतो सहाशेच्या घरात. ती टिकते कारण फ्लँज सिलिंडरला घट्ट चिकटलेला असतो आणि सिलिंडरभोवती पाणी फिरत असतं, त्यामुळे फ्लँजची उष्णता ओढली जाते. म्हणून फ्लँज सिलिंडरवर सपाट बसला नाही की गळती होतेच, शिवाय रिंगेला मिळणारा गारवाही कमी होतो. एक सांधा बिघडला की दुसरा आपोआप बिघडतो तो असा.

तिसऱ्या शनिवारी मी पाना हातात घेण्याआधी तपासणी करायची ठरवली. भाचा नाखूश होता, दोन आठवडे गेले होते. पण त्यानं ऐकलं.

पहिली तपासणी अंगाच्या पावडरीची. डावी बाजू डिग्रीझरनं धुतली, हवेनं कोरडी केली आणि फ्लँजपासून पाईपच्या पोटापर्यंत टाल्कम पावडर भुरभुरली. गाडी पाच मिनिटं चालवून गरम केली, मधून मधून थ्रॉटल दिला. पांढऱ्यावर काळं कुठून सुरू होतं ते स्वच्छ दिसतं. नुसते जुने ओघळ पाहिले तर तेल वाऱ्याच्या मर्जीनं पसरलेलं असतं, उगम कळत नाही. इथं उगम एक नाही, तीन निघाले. फ्लँजच्या खालच्या कडेला एक, ओ-रिंगेच्या सांध्याला बाहेरच्या बाजूनं दुसरा. आणि तिसरा, जो आजवर कुणाच्या ध्यानातच आला नव्हता, पाईपच्या मधल्या पट्टीच्या वेल्डिंगपाशी, केसाएवढी काळी रेघ.

दुसरी तपासणी इंजिनाची. पांढरा प्लग पाहून सगळा दोष एक्झॉस्टवर टाकणं बरोबर नाही. क्रँकची सील गेली असेल किंवा कार्ब्युरेटरच्या रबरी बुटाला चीर असेल तरी मिश्रण पातळ होतं आणि लक्षणं अगदी अशीच दिसतात. त्यासाठी इंजिन बंद करून हवा भरायची: दोन्ही एक्झॉस्ट पोर्टं आणि इनटेक रबरी बुचांनी बंद करायची, ६ पीएसआय दाब द्यायचा आणि सहा मिनिटं काट्याकडे बघत बसायचं. बॅन्शीत दोन्ही सिलिंडरांचे क्रँककेस आतून वेगळे असतात, पण इनटेकचे दोन बूट एका आडव्या नळीनं जोडलेले असतात. ती नळी चिमटली नाही तर एका बाजूची हवा दुसरीकडे जाते आणि नसलेली गळती दिसते. ती चिमटली. उजवीकडे काटा हलला नाही. डावीकडे सहा मिनिटांत अर्धा पीएसआय उतरला, आणि साबणाचं पाणी मारल्यावर फेस आला तो आमच्याच बुचाच्या कडेला. इंजिन धड होतं. भाच्याच्या चेहऱ्यावर इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा रंग आला, कारण क्रँक बाहेर काढायचा म्हणजे त्याच्या हंगामाचं वाटोळं.

तिसरी तपासणी निर्णायक ठरली, आणि तिला ना हत्यार लागतं ना पैसा. डाव्या पाईपच्या स्प्रिंगा काढल्या, मधला बोल्ट काढला, सायलेन्सर सोडवला आणि पाईप फक्त फ्लँजच्या तोंडावर सरकवून ठेवला. चांगला बसलेला पाईप अशा वेळी हातानं थोडा इकडेतिकडे फिरतो आणि सोडला की पट्टीचं भोक आपसूक फ्रेमच्या भोकासमोर येतं. उजवीकडे तसंच झालं. डावीकडे पाईप तोंडावर सरळ बसला तेव्हा पट्टीचं भोक फ्रेमच्या भोकापासून सहा मिलिमीटर बाहेर आणि वर. कोल्हापूरच्या गॅरेजातले मिस्त्री सायलेन्सर बसवताना मला म्हणायचे, "आदी हातानं फिरव बाळा. फिरला न्हाई तर आवळू नगंस." ते वाक्य मी तीस वर्षांत विसरलो नव्हतो, दोन शनिवार नुसतं वापरलं नव्हतं.

पाईपवरची ती पट्टी वाकलेली होती. पाईप फ्रेमच्या बाहेरून जातात, त्यामुळे गाडी त्या बाजूला कलंडली की पहिला मार पाईपला आणि त्याच्या पट्टीला. आधीच्या मालकाच्या हातून गाडी कधीतरी पडली असणार, डाव्या फूटपेगच्या टोकावर ओरखडे होतेच. त्यानंतर पाईप बसवताना दरवेळी कुणीतरी मधला बोल्ट आधी ओढून घातला आणि पाईप धनुष्यासारखा ताणला गेला. ताणाचं एक टोक फ्लँजवर, म्हणून फ्लँज खालून उचलला गेला. दुसरं टोक वेल्डिंगवर, म्हणून तिथं चीर. मध्ये सापडली ओ-रिंग. तिन्ही गळत्या त्या एका वाकलेल्या पट्टीच्या. गळती थांबेना म्हणून कुणीतरी फ्लँजचा खालचा बोल्ट इतका आवळला होता की सिलिंडरचे आटे अर्धे निघून आले होते. मी स्वतः दोनदा तो बोल्ट आवळला आणि दोन्ही वेळा तो थोडा जास्तच फिरतोय असं हाताला जाणवलं होतं. जाणवूनही मी पुढे गेलो, याचं मला वाईट वाटतं.

दुरुस्तीचा क्रम आम्ही मुळापासून वरच्या दिशेनं ठरवला. आधी पट्टी. ती गरम करून वाकवली. उजव्या बाजूच्या पट्टीचं पुठ्ठ्यावर माप घेतलं आणि उलटं करून डावीकडे लावत सरळ केली. रबरी बूश दगडासारखं कडक झालेलं, ते बदललं. हे रबर इंजिनाची थरथर पचवतं, ते मेलं की थरथर सरळ वेल्डिंगला जाते. इंजिनाचे माउंट बोल्टही तपासले, कारण इंजिनच सरकलेलं असेल तर पाईपला दोष देऊन काय उपयोग. एक बोल्ट पाव फेरा फिरला, तेवढंच.

मग आटे. पिस्टन वर आणून पोर्ट झाकलं, पोर्टात चिंधी कोंबली, ड्रिलला आणि टॅपला ग्रीस चोपडलं म्हणजे ॲल्युमिनियमचा कीस त्यालाच चिकटतो. ड्रिलवर खोलीची खूण म्हणून टेप गुंडाळली. हेलिकॉइल, म्हणजे भोकात बसणारं तारेचं वेटोळं, बसवली. घाईघाईनं मोठा बोल्ट घुसवण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं, कारण पोलादी तारेचे आटे ॲल्युमिनियमच्या मूळ आट्यांपेक्षा जास्त टिकतात.

फ्लँज काचेवर ठेवून फीलर गेज (फट मोजायची पातळ पानं) घातला तर एका कोपऱ्याखाली ०.२ मिलिमीटरचं पान सहज गेलं. जाड काचेवर पॉलिश पेपर पसरला, दोन थेंब तेल टाकलं आणि फ्लँज आठच्या आकड्यात घासत राहिलो, आधी २२० नंबरवर, मग ४०० वर, सगळीकडे एकसारखी चमक येईपर्यंत. भाच्यानंच हे केलं, तासभर. नवीन पॅकिंगचं भोक पोर्टाच्या भोकावर धरून पाहिलं. पॅकिंगची कड आत आली तर तिथं पायरी तयार होते आणि लाटेच्या वाटेत ती नको.

पाईपची चीर. पाईप पूर्ण काढून शेपटी आणि तोंड रबरी बुचांनी बंद केलं, दोन पीएसआय हवा दिली आणि मोठ्या टबात पाण्याखाली धरला. पट्टीच्या वेल्डिंगच्या टोकाशी बुडबुड्यांची माळ लागली, आणि तिच्यापासून बोटभर अंतरावर आणखी एक बारीकशी, जी पावडरीत दिसली नव्हती. पाण्यात धरल्याशिवाय वेल्डिंगला पाईप नेऊ नये, हे मी आता आग्रहानं सांगेन.

वेल्डिंग एका ओळखीच्या टिग वेल्डरकडून करून घेतलं. इथला पत्रा मिलिमीटरच्या आसपास जाड. जाड हाताचं आर्क वेल्डिंग त्याला भोक पाडतं आणि पितळी वेल्डिंग थरथरीनं पुन्हा सुटतं. वेल्डिंगआधी पाईपच्या आतली तेलकट काजळी घालवावी लागते, नाहीतर ती उकळून वितळलेल्या धातूत शिरते आणि टाका स्पंजासारखा होतो. कोल्हापुरात आरएक्स १०० चे सायलेन्सर कॉस्टिक सोड्यात बुडवून साफ करायचे. इथं आम्हीही कॉस्टिक सोडाच वापरला, हातमोजे आणि चष्मा लावून, नंतर भरपूर पाणी. चीर असलेल्या जागेवरचं प्लेटिंग घासून काढलं.

इथं एक धोका आहे आणि तो मनापासून सांगतो. वेल्डिंग करायच्या पत्र्यावर क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर कधीही मारू नका. वेल्डिंगच्या आर्कच्या उष्णतेनं आणि अतिनील किरणांनी त्याचं फॉस्जीन होऊ शकतं, तोच वायू जो पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरला. थोडासाही फुप्फुसात गेला तर लगेच फार काही जाणवत नाही, त्रास काही तासांनी वाढतो. ॲसिटोननं पुसा, पूर्ण उडून जाऊ द्या, मग वेल्डरकडे द्या. त्याला तोंडानंही सांगा की कशानं पुसलंय.

वेल्डरनं चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली, म्हणजे ती पुढे पळत नाही, आणि मग टाके भरले. परत आणून पुन्हा पाण्यात धरला. एकही बुडबुडा नाही.

जोडणी आम्ही दोघांनी मिळून केली आणि सगळ्यात जास्त काळजी तिथंच घेतली. फ्लँजचे दोन बोल्ट आळीपाळीनं, थोडे थोडे. ओ-रिंगांना टू-स्ट्रोक तेलाचं बोट. पाईप हातानं सरकवला, हातानं फिरवून पाहिला. फिरला. मधल्या पट्टीचा बोल्ट बोटांनी आत गेला, पाना लागला नाही, पण तो अजून आवळला नाही. मग स्प्रिंगा. स्प्रिंग लावल्यावर तिच्या वेटोळ्यांत फट दिसली पाहिजे. वेटोळी एकमेकांना चिकटलेलीच राहिली तर स्प्रिंग ओढतच नाही, नुसती लटकते. डाव्या बाजूच्या दोन स्प्रिंगा अशाच लांबलेल्या निघाल्या, बदलल्या. स्प्रिंग लावायची ओढणी नव्हती म्हणून जाड सुतळीचा फास टाकून ओढल्या. स्क्रूड्रायव्हरनं तरफ लावून ओढायला जाऊ नये, तो सटकला की सरळ बोटांवर येतो. स्प्रिंगांनी पाईप आपल्या जागी बसल्यावर मधला बोल्ट आवळला आणि सगळ्यात शेवटी सायलेन्सर.

सिलिकॉन लावलंच नाही. भाच्याला ते पटेना. "मामा, थोडं तरी लाव ना, सेफ्टीसाठी." मी त्याला म्हटलं, आधी नुसतं पाहू. सांधा नीट असेल तर सिलिकॉन लागत नाही, आणि नीट नसेल तर ते दोन दिवस खोटं समाधान देतं. शिवाय आतल्या बाजूला दाबून निघालेली त्याची वळी नळीत पायरी करते. घालायचंच असेल तर बोटाला लागेल न लागेल इतकं, बाहेरच्या कडेला, आणि आतून पुसून.

गाडी सुरू केली, पाच मिनिटं गरम, पूर्ण थंड. असं तीनदा. पहिल्या थंडीनंतर फ्लँजचे बोल्ट पुन्हा तपासले, एक जरासा फिरला. पावडर पांढरी राहिली.

आता जेट. डावीकडे ३१० तसाच होता. मोकळ्या वाळूत एक फेरी मारून प्लग काढला तर डावा काळाकुट्ट, ओला. गळती होती तेव्हा पातळ वाटणारा सिलिंडर गळती जाताच बुडाला होता. याचा अर्थ भाचा इतके दिवस गळतीभोवती जेट बसवत होता. समजा त्यानं उलट गळती असतानाच डावीकडचा जेट लहान केला असता, तर डावा पिस्टन वितळायला वेळ लागला नसता. दोन्हीकडे २८० घातले. दोन फेऱ्यांनंतर दोन्ही प्लग सारखे तपकिरी. एक्झॉस्ट कोरडा झाल्याशिवाय कार्ब्युरेटरला हात लावायचा नाही, हा नियम त्यानं स्वतःच फळ्यावर लिहून ठेवलाय, माझ्या गॅरेजच्या.

थँक्सगिव्हिंगला मी त्याच्याबरोबर ग्लॅमिसला गेलो. आठ फुटी निशाण लावलेल्या हजारो गाड्या, रात्री टेकड्यांवर दिव्यांच्या रांगा. तिथं आवाजाचीही मर्यादा आहे: १९८६ पासून पुढे बनलेल्या गाडीला ९६ डेसिबल. गळका पाईप मोजणीत महागात पडू शकतो, तो धोकाही टळला होता. भाचा पहिल्या धावेला उभा राहिला. तिसऱ्या गिअरला इंजिनाचा सूर चढला आणि ज्याला इथं "पाईपवर येणं" म्हणतात ते झालं: क्षणभर गाडी दम धरते आणि मग मागून कुणीतरी जोरानं ढकलावं तशी सुटते. मी वाळूत उभा होतो, तो सूर ओळखीचा होता. राजदूत शिवाजी पुलावरून सुटायची तेव्हा गल्लीपर्यंत ऐकू यायचा तोच.

तो त्या दिवशी दोन धावा हरला आणि चार जिंकला. संध्याकाळी आम्ही तंबूसमोर बॅटरीच्या उजेडात डावी बाजू पाहिली. फ्लँज कोरडा, ओ-रिंगेचा सांधा कोरडा, वेल्डिंगवर वाळूची नुसती धूळ. उजव्या सायलेन्सरच्या सांध्याला मात्र ओलावा होता, शेपटीवरचं रबर सैल झालंय. तिथं ते नडत नाही, पण डिसेंबरात बदलायचं ठरलंय. त्यानं उजव्या पाईपच्या स्प्रिंगा काढल्या, पाईप हातानं फिरवून पाहिला आणि परत लावल्या.